माझी उजवी कड

मित्रांनो, मी एक चमचा आहे. जुना आहे, हेही सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको. पण तुमच्या स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या रांगेत मला बसवू नका. मी कधी साखर ढवळली नाही, कधी कुणाच्या घशात औषध ओतलं नाही आणि मधाच्या बाटलीत तर एकदाही उतरलो नाही. मी चहा चाखायचा चमचा आहे. नुसता चहा, दूध नाही, साखर नाही. माझी वाटी खोल आणि गोल, दांडा आखूड. खणातल्या शेजारच्या पेन्सिली मला जाड्या म्हणत. मी मनावर घेतलं नाही.

माझा जन्म एका चिंचोळ्या कारखान्यात झाला. तिथला कारागीर पितळेचा पत्रा कापायचा, लाकडी ठोकळ्यातल्या खळग्यावर ठेवायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने ठोकून ठोकून त्याला पोट काढायचा. तेव्हा फार लागलं. आता आठवलं की हसू येतं, कारण पोट नसतं तर मी आज नुसता पत्रा असतो. मग कानस, मग घासकागद आणि सगळ्यात शेवटी चांदीच्या मुलाम्याची अंघोळ. मला हातात देताना कारागीर म्हणाला, "नुसत्या पितळेला चहा लागला की चव बिघडते, म्हणून हा चांदीचा अंगरखा. नीट वापरलात तर पंचवीस-तीस वर्षं बघायला नको."

तो खोटं बोलला नाही. फक्त त्यानंतर काय, हे त्याला कुणी विचारलं नाही.

ज्यांच्या हातात त्याने मला दिलं, त्या आक्का. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि आक्का वगैरे कुणी नव्हत्या. वर्षभरापूर्वीपर्यंत चहाच्या पेढीत डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या कामावर असलेली एक किडकिडीत, डावखुरी मुलगी. शिक्षण बेताचं. त्या वेळी पेढीचा चहा एक म्हातारे गृहस्थ चाखायचे. त्यांना सगळे आजोबा म्हणत. आजोबांकडे तीनच शब्द होते: चांगला, बरा, नको. एकदा या मुलीने चिठ्ठी लावायला डबा उचलला, तर आजोबांनी सहज विचारलं, "काय गं, तुला कसा वाटला?" हिने त्यांच्या वाडग्यातला उरलेला चहा बशीत ओतून घेतला, भुरका मारला आणि म्हणाली, "अंघोळ न करता नवे कपडे घातल्यासारखा."

आजोबा इतके हसले की त्यांचा चष्मा चहात पडला. चहा खरंच तसाच होता. वरून झुळझुळीत, आतून कोंदट. त्यांनी तिला चिठ्ठ्यांवरून उठवलं आणि आपल्या शेजारी उभं केलं. वर्षभराने ती चाखण्यात पक्की झाली, तेव्हा मी आलो.

आता आमची खोली कशी होती ते सांगतो. लांबलचक टेबल, वर पांढरी फरशी. उत्तरेची मोठी खिडकी, कारण चहाचा रंग उत्तरेच्या उजेडात खोटं बोलत नाही. टेबलावर पांढऱ्या झाकणांचे पेले रांगेने. प्रत्येकात मोजून पत्ती, वर उकळतं पाणी, मग बरोबर पाच मिनिटं. घंटी वाजली की पेले वाडग्यांवर आडवे करायचे. चहा गळून वाडग्यात उतरतो, पत्ती पेल्यातच राहते. मग आक्का चष्मा काढायच्या, कारण वाफेने काचा भरून येत, आणि डाव्या हातात मला घेऊन रांगेच्या टोकापासून सुरुवात करायच्या. एक चमचा चहा, आणि मग तो भुरका! सुर्र्र! चारचौघांत कुणी असा आवाज केला तर आई पाठीत धपाटा घालेल. इथे मात्र ज्याचा आवाज मोठा त्याला मान. चहा जिभेवर, टाळ्यावर, नाकाच्या मागे उडवायचा आणि चाकांच्या पिकदाणीत टाकून द्यायचा. मग मला गरम पाण्यात एक बुडी, की पुढचं वाडगं. दिवसाला दोनशे वाडगी. मागे लिहिणारे काका जाडजूड वही घेऊन चालत. आक्का बोलतील ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम.

आणि आक्का बोलायच्या! आजोबांचे तीन शब्द त्यांना कधी पुरलेच नाहीत.

पहिल्या खुडणीचा कोवळा चहा माझ्यात आला की चहा आलाय की नुसतं कोमट ऊन, तेच मला कळायचं नाही. इतका फिकट. आक्का म्हणायच्या, "नवी सून. अजून आवाज फुटलेला नाही. पण फुटेल तेव्हा अख्खं घर ऐकेल, बघा." धुरावर वाळवलेल्या चहाला त्या थोरले काका म्हणत. "आधी विडीचा वास येतो, मग खोकला, मग ते स्वतः." फुलांच्या कळ्यांत निजवलेला चहा म्हणजे अंगावर अत्तर सांडून घेतलेली आत्या: "स्वभावाने चांगली आहे हो, पण दोन पेल्यांनंतर खिडकी उघडावी लागते." अर्धवट मुरवलेला, चुरगळून गोळ्या केलेला चहा दुपारी झोपून उठलेल्या माणसासारखा. पहिल्या घोटाला नुसतं "हं?" म्हणतो, दुसऱ्याला बोलायला लागतो आणि चौथ्या पाण्यापर्यंत त्याला गप्प करावं लागतं. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या वड्यांचा काळा चहा आला, तेव्हा त्यांनी तो तीनदा चाखला. मग हळूच म्हणाल्या, "बंद कपाट आहे. पण आत कुणाची तरी पत्रं आहेत. जपून."

मला स्वतःला विचाराल तर उंच उतारावरचा लालसर, तरतरीत चहा सगळ्यात आवडे. तो माझ्या वाटीत पडला की कडेला सोन्यासारखी रेघ उमटायची. आक्कांचाही तोच लाडका. "पहिल्या बाकावरचा मुलगा," त्या म्हणत. "प्रश्न विचारायच्या आधीच हात वर." आणि सगळ्यांत स्वस्त, बारीक चुऱ्याला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. नव्या माणसांनी मुरडलं तर त्यांनाच सुनवायच्या, "हसू नका. घरं हा चुरा चालवतो. बाकीचे पाहुणे."

मोठ्या साहेबांना या बोलण्याची काळजी वाटे. "आक्का, लांबच्या गिऱ्हाइकाला थोरले काका कसे समजावून सांगायचे?"

"त्यांनाही असतीलच की एखादे काका," आक्का म्हणाल्या, आणि साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. गिऱ्हाइकांनाही ते काका बरोबर सापडत असावेत, कारण मागणी वाढतच गेली.

माझी ती वर्षं फार सुखाची होती. काम संपलं की कप धुणाऱ्या मावशी मला वेगळं धुवायच्या, मऊ फडक्याने पुसायच्या आणि लोकरी कापडाच्या पिशवीत घालून आक्कांच्या खणात ठेवायच्या. दुसऱ्या कुणी मला कधी तोंड लावलं नाही. आमच्या धंद्याची ती रीतच आहे. एका माणसाचा एक चमचा. दुसऱ्याचा चमचा तोंडात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांचा ब्रश वापरणं. ही रीत चांगली आहे. पण तिनेच पुढे घात केला, तो कसा ते आता सांगतो.

त्याआधी आजोबांबद्दल दोन शब्द. आक्का पक्क्या झाल्यावर दोनेक वर्षांत आजोबांचं चाखणं हुकायला लागलं. आधी ते म्हणाले, पाणी बदललंय. पाणी तपासलं, ठीक होतं. मग म्हणाले, वाडग्यांना साबणाचा वास येतोय. मावशींनी सगळी वाडगी पुन्हा पुन्हा उकळली. शेवटी म्हणाले, "माझ्या चमच्यातच काहीतरी आहे." तेव्हा खोलीत कुणाला हसू आवरेना. तोंडावर नाही, पण पाठीमागे. आक्काही हसल्या होत्या. थोडंसंच, पण हसल्या होत्या. आजोबा घरी बसले आणि त्यांचा चमचा भिंतीवरच्या काचेच्या पेटीत लागला. पण "चमच्याला नाव ठेवणं" हा आमच्या खोलीत एक वाक्प्रचार होऊन बसला. कुणाचं काही चुकलं की दुसरा म्हणायचा, "का हो, चमचा बिघडला का?"

आक्का बावन्न वर्षांच्या झाल्या. त्यांच्या हाताखाली आता चिमणी होती. चिमणी म्हणजे एक बारीक आवाजाची, घोट घोट चाखणारी मुलगी, सहा वर्षं त्यांच्याकडे शिकलेली आणि उत्तम शिकलेली. तिचा स्वतःचा चमचा होता, माझ्यापेक्षा नवा. आमची बोलचाल नव्हती.

एका सकाळी उंच उतारावरचा तोच लाडका चहा होता. आक्कांनी भुरका मारला आणि त्यांची भुवई चढली. रागाने नव्हे. दारात अनोळखी माणूस उभा दिसल्यावर चढते तशी. त्यांनी चूळ भरली आणि पुन्हा चाखला. मग काकांना म्हणाल्या, "लिहा... ठीक."

काकांनी वर पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत त्या वहीत "ठीक" हा शब्द आला नव्हता.

त्या दिवसापासून तरतरीत चहा आला की आक्कांचं तोंड बिघडायचं. धुराच्या किंवा फुलांच्या चहात काही कळायचं नाही. पण जितका चहा सच्चा आणि चमकदार, तितका त्यांना आंबूस, कसासाच लागायचा. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. मला मात्र सगळं दिसत होतं. त्यांनी मीठ कमी केलं. मसालेदार खाणं बंद केलं. डॉक्टरांना जीभ दाखवली, तर डॉक्टर म्हणाले, "काय सुंदर जीभ आहे! तान्ह्या बाळासारखी." त्या संध्याकाळी खणात ठेवायचं सोडून त्यांनी मला पर्समध्ये घातलं आणि घरी नेलं. घरी यजमानांनी चहा करून ठेवलेला होता, भरपूर दूध, भरपूर साखर. ते चित्रकलेचे मास्तर. रंगांच्या चाळीस छटा सांगतील, पण चहाची एकच जात ओळखतात: गरम.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे."

"नुसता चांगला? माझ्या चहाला तू काल 'सासरेबुवांनी केलेलं भाषण' म्हणाली होतीस."

आक्का हसल्या नाहीत. मास्तरांनी कप खाली ठेवला. "काय झालं गं?"

"मला चव लागत नाहीये," त्या म्हणाल्या. "म्हणजे लागते, पण चुकीची लागते. माझी जीभ चाललीय."

मास्तरांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग म्हणाले, "पाण्यात काही असेल. कपात असेल."

"आजोबाही असंच म्हणायचे," आक्का म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

मी पर्सच्या तोंडाशी होतो. मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता यायला हवं होतं. कारण मला ठाऊक होतं. दोष पाण्यात नव्हता, कपात नव्हता, जिभेत तर मुळीच नव्हता. दोष माझ्यात होता.

झालं होतं ते असं. माणसं बहुतेक उजव्या हाताने चमचा धरतात, म्हणजे चमच्याची डावी कड त्यांच्या ओठाला येते. आक्का डावखुऱ्या. त्यांच्या ओठाला रोज, दोनशे वेळा, अठ्ठावीस वर्षं माझी उजवी कड लागली. तेवढ्याच कडेवरचा मुलामा झिजत गेला आणि खालचं पितळ उघडं पडलं. दोऱ्याएवढी पिवळी रेघ, बस. बाकी सगळा मी चांदीसारखा चांदी. चाखताना आक्कांच्या डोळ्यांवर चष्मा नसायचा, त्यामुळे त्यांना ती रेघ कधी दिसलीच नाही. मावशींना दिसली. पण त्यांना वाटलं चहाचा डाग आहे. बिचाऱ्या रोज तिथेच जोर लावून घासायच्या, आणि रेघ रोज केसभर रुंद व्हायची. आणि एका माणसाचा एक चमचा, म्हणून दुसऱ्या कुणाच्या जिभेला ते कळायचा प्रश्नच नव्हता. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकजण माझी काळजीच घेत होता.

पुढे जे झालं ते सांगताना मला अजून लाज वाटते, त्यांच्याऐवजी. आक्का चिमणीकडे बघायला लागल्या. चहा तोंडात घेतला की लगेच बोलायच्या नाहीत. चिमणीचा भुरका होईपर्यंत थांबायच्या, तिची भुवई कुठे जाते ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायच्या आणि मग निकाल सांगायच्या. चिमणीला पत्ताही नव्हता. तिला वाटायचं, आपलं आणि आक्कांचं मत आता किती जुळतं! ती खूश होती. आक्का मात्र खांद्यात आक्रसल्यासारख्या झाल्या होत्या. जिने चाळीस बागांच्या चहांना तोंडावर खरं सांगितलं, ती आता दुसऱ्याच्या भुवईवरून बोलत होती. तीन महिने त्यांनी हे केलं. मग एके दिवशी उतारावरच्या एका छोट्या बागेचा चहा आला, चिमणी त्या दिवशी सर्दीने घरी होती आणि आक्कांनी एकटीने निकाल दिला: "नको." काकांनी लिहिलं. आक्का त्या शब्दाकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना चिठ्ठी दिली. वयाचं कारण. चिमणी तयार झाली आहे. पुढचा शुक्रवार आपला शेवटचा दिवस धरावा.

साहेब म्हणाले, "बावन्न हे काय वय आहे?"

"जिभेचं वेगळं असतं," आक्का म्हणाल्या.

शुक्रवार उजाडला. टेबल रिकामं करून त्यावर एक केक ठेवला होता आणि रीतीप्रमाणे शेवटचा एक चहा लावला होता. आक्कांचा लाडका, पहिल्या बाकावरचा. आमच्याकडे निघणारा माणूस आपला चमचा पुढच्याच्या हातात देतो, आणि पुढच्याने त्या चमच्याने एक घोट घ्यायचा. तेवढ्यापुरती एकाच चमच्याची रीत मोडायची. आक्कांनी मला स्वतः गरम पाण्यात धुतलं आणि चिमणीच्या हातात दिलं. चिमणीचे डोळे आधीच भरलेले.

मला वाटलं, झालं! आता हिला कळणार. हिची जीभ तरुण आहे, ही पटकन ओरडणार.

चिमणीने उजव्या हाताने मला धरलं. डावी कड ओठाला लावली. सुर्र्र.

"आई गं," ती म्हणाली. "किती सुरेख आहे हा, आक्का."

आक्कांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर उरलीसुरली जी काही शंका होती, ती त्या एका घोटाने गेली. चहा सुरेख होता. चमचा तोच होता. म्हणजे जीभच. त्या खुर्चीवर बसल्या आणि केकची बशी मांडीवर घेतली. मी चिमणीच्या मुठीत होतो आणि मला वाटत होतं, कुणीतरी मला उलटं धरा, एकदा, एकदाच.

वातावरण फार जड झालं होतं. केकला कुणी हात लावेना. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "अगं चिमणे, रडतेस काय? ती नक्कल तरी करून दाखव."

"कसली नक्कल?" आक्कांनी विचारलं.

काकांनी वही उघडून त्यात डोकं घातलं.

"काही नाही आक्का," चिमणी म्हणाली.

"दोन वर्षं डबा खाताना रोज करते," मावशी म्हणाल्या. "तुमची. हसून हसून पोट दुखतं आमचं. आज नाही तर कधी बघणार त्या?"

"कर गं," आक्का म्हणाल्या. "मलाही बघू दे मी कशी दिसते."

चिमणी आधी नाही नाही म्हणाली. मग तिने डोळे पुसले, पदर नसताना पदर खोचला, नसलेला चष्मा काढून नसलेल्या खिशात ठेवला आणि मला डाव्या हातात घेतलं. मान थोडी तिरकी. एक भुवई वर. वाडग्यात मला बुडवलं आणि इतक्या जोरात भुरका मारला की साहेब दचकले. आक्कांना हसू फुटलं. आता ती नकलेतला शेरा मारणार म्हणून सगळे थांबले होते.

आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. डोळे मिटले, जीभ बाहेर. "शी! शी शी शी! हे काय? नाणं चोखल्यासारखं!"

सगळे खदखदून हसले. काका हसता हसता म्हणाले, "हे काही जमलं नाही हं. आक्का असं तोंड कधी करत नाहीत."

"अहो काका, नक्कल नाही! खरंच तसं लागलं. आधी चोखून थुंकलेल्या नाण्यासारखं."

आक्कांनी बशी खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

"नाही आक्का, म्हणजे... माझंच काहीतरी..."

"कसं लागलं म्हणालीस? परत सांग."

"नाण्यासारखं."

आक्का उठल्या. तीन महिने त्यांनी ती चव मनात ठेवली होती. डॉक्टरांना सांगितली नव्हती, नवऱ्याला सांगितली नव्हती, काकांच्या वहीत तर नाहीच नाही. "उजव्या हाताने घे," त्या म्हणाल्या.

चिमणीने घेतला. "चांगला आहे."

"डाव्या."

"शी!"

"आण इकडे."

मावशी पुढे वाकल्या. "तो चहाचा डाग आहे ना, आक्का, उजवीकडे? कधीपासून घासतेय मी. जातच नाही मेला."

आक्कांनी चष्मा लावला आणि मला उत्तरेच्या खिडकीशी नेलं. मला आयुष्यात कुणी इतकं निरखून पाहिलेलं नाही. मी लपलो नाही. त्यांचं बोट माझ्या उजव्या कडेवरून हळूच फिरलं, आणि मग त्यांनी तेच बोट स्वतःच्या खालच्या ओठावर टेकवलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मीच खाल्लं की याला."

नंतरचा अर्धा तास सगळे एकदम बोलत होते. मावशी "मी कशाला घासत बसले" म्हणून स्वतःच्या गालावर मारून घेत होत्या. साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली, तिचे चार तुकडे केले आणि कुठे टाकावे ते न सुचून पिकदाणीत टाकले. काकांनी गंभीरपणे विचारलं, "मग आता हा केक कशाचा धरायचा?" आणि चिमणी रडत रडत म्हणाली, "माझ्या नकलेचा!"

आक्का मात्र त्या गडबडीत नव्हत्या. त्या भिंतीवरच्या काचेच्या पेटीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ती उघडली, आजोबांचा चमचा काढला, खिडकीशी नेला आणि चष्म्यातून त्याची कड न् कड पाहिली. चिमणी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"त्यांचाही झिजलाय का, आक्का?"

"नाही," आक्का म्हणाल्या. "धडधाकट आहे. जीभच थकली होती त्यांची." त्यांनी तो चमचा फडक्याने पुसून परत ठेवला. "पण पाहायला हवा होता गं. ते सांगत होते, तर कुणीतरी एकदा पाहायला हवा होता."

सोमवारी त्यांच्यासाठी नवा चमचा आला. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? गेल्या तीन महिन्यांत ज्या ज्या चहाला "ठीक" किंवा "नको" म्हटलं होतं, त्या सगळ्यांचे नमुने पुन्हा मागवले आणि सगळे पुन्हा चाखले, एकटीने, चिमणीला पाठ करून. त्या छोट्या बागेच्या चहापुढचा "नको" काकांनी खोडला आणि त्यावर लिहिलं: "शाळेत उशिरा आलेला, पण गृहपाठ पूर्ण." मालकाला आक्कांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं की चूक आमची होती. भुरक्याचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा झालाय, असं मावशी म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

मला नवा मुलामा द्यायचं चिमणीने सुचवलं होतं. आक्का नको म्हणाल्या. आता मी पत्तीच्या डब्यात असतो. पेल्यांत घालायची कोरडी पत्ती माझ्या वाटीने मोजतात. कोरड्या पत्तीला पितळ लागलं काय नि चांदी लागली काय, फरक पडत नाही. भिजण्याआधीचे सगळे चहा मला भेटतात. नव्या सुना, थोरले काका, अत्तरवाल्या आत्या, सगळे अजून झोपलेले, मुटकुळं करून. माझ्या पोटात ते छान मावतात. पोट मोठं आहे ते कामी आलं.

बालमित्रांनो, मी तुमच्याकडे एवढंच मागतो. एखाद्या दिवशी तुम्हाला सगळंच कडू लागलं, हातचं काम बिघडायला लागलं, आणि वाटलं की आपल्यातच काही राहिलं नाही, तर लगेच स्वतःला मोडीत काढू नका. हातातली वस्तू एकदा उजेडात नेऊन, उलटीसुलटी करून बघा. दुसरं कुणी "माझ्या चमच्यात काहीतरी आहे" म्हणालं, तर हसू नका; त्याचाही चमचा बघा. निघालं तर निघालं, नाही निघालं तर नाही. आणि झिजलेल्या चमच्यावर रागावू नका. त्याला बोलता येत नाही हो. आलं असतं, तर त्याने पहिल्याच घोटाला सांगितलं असतं.